विजेच्या दराची सुनावणी

मंडळी, ज्या पंपाला मीटर नाही, त्याने किती वीज खाल्ली हे सांगायचे कोणी? पूर्वी राज्य वीज मंडळच अंदाज बांधी. वाटेत गळालेली, चोरीस गेलेली वीजही मग शेतकऱ्याच्या नावावर खपून जाई! १९९९ साली महाराष्ट्रात वीज नियामक आयोग आला. २००० च्या दरसुनावणीत ग्राहकांच्या बाजूने हे आकडे पारखले गेले, तेव्हा १८ टक्क्यांच्या आसपास सांगितली जाणारी गळती ३० च्या वर निघाली. दर बसतो तो असल्याच आकड्यांवर. २००३ च्या कायद्याप्रमाणे दराच्या अर्जावर कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो; वकील लागत नाही. गुरुजी, त्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते. ती चावडीवर वाचून दाखवा. आणि शेतात वीज रोज किती तास येते, तेही वहीत टिपून ठेवा. पंपाचा अंदाज पारखायला ते तास उपयोगी पडतात.