पद्मिनीचं इंजिन घरी बांधताना

कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून निघालेली फियाट ११००, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, इंजिन बांधायला शिकण्यासाठी फार सोयीची गाडी आहे. १०८९ सीसी, चार सिलिंडर, एक कार्ब्युरेटर, कॉम्प्युटरचा पत्ता नाही. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी हे इंजिन इतकी वर्षं पळवलं, की हाताला त्याची सवय असलेले मिस्त्री अजून भेटतात. त्यांच्याशी ओळख करून ठेवा. इंजिन खोलणं, धुणं, मोजणं आणि जोडणं आपण घरी करू शकतो; धातू कापायचं काम मात्र मशीन शॉपवाल्याचंच.

इंजिन उतरवण्याआधी कॉम्प्रेशन तपासा. प्लगच्या भोकात गेज लावून सेल्फ मारला की प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते कळतं. एखादा आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलाय. नाही वाढला, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट बघा. कधी कधी नुसत्या हेडच्या कामावर भागतं.

आरसी बुकातला इंजिन क्रमांक ब्लॉकवरच्या क्रमांकाशी आत्ताच ताडून घ्या. तोच ब्लॉक दुरुस्त केला तर प्रश्न नाही. ब्लॉक बदलायची वेळ आली तर आरटीओची वारी ठरलेली.

खोलताना घाई नडते. प्रत्येक जोडणीचा फोटो काढा, नटबोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत घालून चिठ्ठी लावा. पुशरॉड आणि टॅपेट, म्हणजे कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणारे भाग, ज्या घरातून निघाले त्याच घरात परत गेले पाहिजेत. जाड पुठ्ठ्याला भोकं पाडून, आकडे घालून त्यात खोचून ठेवा. क्रँकला धरून ठेवणाऱ्या मेन बेअरिंगच्या टोप्या ब्लॉकला बसवूनच एका रेषेत बोअर केलेल्या असतात. त्यांची अदलाबदल झाली किंवा एखादी उलटी बसली तर क्रँक जाम होतो. कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांचंही तेच. खूण नसेल तर सोडवण्याआधी पंचाने ठिपके मारा.

पिस्टन वर ढकलण्याआधी बोअरच्या तोंडाशी नख फिरवून बघा. रिंग जिथवर पोचत नाही तिथे धातू झिजत नाही, म्हणून एक कंगोरा उरतो. तो न काढता पिस्टन ठोकला तर रिंगेची खाच तुटते.

आता मोजमाप. मूळ बोअर ६८ मिलिमीटरचा. मशीन शॉपवाला तो वर, मध्ये आणि खाली, आडवा आणि उभा मोजेल. झीज जास्त असेल तर बोअर मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन घालतात, किंवा स्लीव्ह बसवून मूळ मापावर आणतात. क्रँक घासला तर बेअरिंगही त्या प्रमाणात अंडरसाइज लागतात. पिस्टन आधी हातात घ्या, मग बोरिंगला सांगा. बाजारात कोणतं माप मिळतंय ते न बघता ब्लॉक कापून आणणारे बरेच असतात. हेड ॲल्युमिनियमचं आहे. गाडी कधी तापली असेल तर ते वाकलेलं असू शकतं, तेही तपासून घ्या.

मशीन शॉपमधून आलेला ब्लॉक दिसतो चकचकीत, पण असतो घाण. होनिंगची, म्हणजे बोअरवर तिरक्या बारीक रेघा उमटवण्याच्या कामाची, पूड त्या रेघांत बसलेली असते. ती पेट्रोलने निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश घ्या. ऑइलच्या वाटांची टोकाची बुचं काढून आतूनही घासा. कोरडं करून लगेच ऑइल लावा, मग पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवा. राखाडी आलं तर पुन्हा धुवा. कंटाळा येतो, पण इथे चुकलं तर नव्या रिंगा काही दिवसांतच झिजतात.

जोडणी खालून वर. बेअरिंगच्या पाठीमागे ऑइल नको, पुढच्या बाजूला भरपूर हवं. प्रत्येक टोपी टॉर्क रेंचने, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा आणि क्रँक हाताने फिरवून बघा. जड झाला की तिथेच थांबा. शेवटी शोधत बसण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

रिंग आधी रिकाम्या बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने, म्हणजे मोजक्या जाडीच्या पत्त्यांनी, मोजा. या बोअरला साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर ठीक. फट नसेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. पिस्टन आत घालताना रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर क्रँकवर ओरखडा उठतो. हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ठोका. अडला तर रिंग बाहेर निसटली आहे असं समजा; जोर लावू नका.

व्हॉल्व्ह घासून झाले की हेडच्या पोर्टांमध्ये रॉकेल ओता. झिरपलं तर पुन्हा घासा. हेडचे नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळा.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा, थांबून थांबून. कॅम आणि टॅपेट नवे असतील तर इंजिन सुरू होताच सुमारे वीस मिनिटं २,००० आरपीएमच्या आसपास ठेवा. आयडलिंगवर कॅमला ऑइल कमी पोचतं. म्हणून टायमिंग, पेट्रोल आणि पाणी आधीच नीट करून ठेवावं. नंतर इंजिन पूर्ण थंड झालं की हेडचे नट पुन्हा टॉर्कवर तपासा आणि टॅपेटची फट नव्याने लावा. ५०० किलोमीटरवर ऑइल बदला, आणि हजार होईपर्यंत घाटात माणसं भरून नेऊ नका.