परदेशातील लहान किनारी गाव आणि स्थलांतराचा निर्णय : एक भाषाशास्त्रीय विचार

नोकरीनिमित्त परदेशी जावे किंवा नाही, याचा विचार करताना वेतन, अंतर आणि हवामान या तीन गोष्टी प्रथम पुढे येतात. भाषेचा विचार झालाच तर तो ‘तेथे इंग्रजी चालते काय?’ एवढ्या एका प्रश्नात आटोपतो. लंडनसारख्या महानगराच्या बाबतीत हा प्रश्न बहुधा पुरेसा ठरतो. परंतु जावयाचे ठिकाण समुद्रकाठचे लहान गाव असेल, तर तो अपुरा पडतो. असे का व्हावे, हे वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील अ‍ॅबरिस्टविथ या गावाच्या उदाहरणावरून पाहावयाचे आहे.

कार्डिगन उपसागराच्या काठी वसलेल्या या गावाच्या नावाचा अर्थ ‘इस्टविथ नदीचे मुख’ असा होतो. पूर्वेकडून येणारा लोहमार्ग येथेच संपतो. १८७२ साली येथे स्थापन झालेले महाविद्यालय हेच आजचे विद्यापीठ होय. वेल्सचे राष्ट्रीय ग्रंथालय व ब्राँग्लाइस रुग्णालयही येथेच आहे. त्यामुळे गाव लहान असूनही बाहेरून अध्यापक, वैद्य व परिचारिका येथे येत असतात. हे गाव केरेडिगियन परगण्यात मोडते. २०२१ च्या जनगणनेत संपूर्ण वेल्समध्ये वेल्श बोलणारांचे प्रमाण शेकडा १७.८ होते, तर या परगण्यात ते ४५.३ होते. २०११ साली परगण्याचा हाच आकडा ४७.३ होता. म्हणजे भाषा तेथे जिवंत आहे, पण तिला ओहोटीही लागलेली आहे.

वेल्श बोलणारा जवळजवळ प्रत्येक प्रौढ मनुष्य इंग्रजीही जाणतो. तेव्हा इंग्रजी ‘चालते’ यात शंका नाही. परंतु भाषा चालणे आणि भाषेच्या द्वारे एखाद्या समाजात सामावले जाणे, या दोन भिन्न गोष्टी होत. याच गावातील ट्रेव्हेखन पुलावर २ फेब्रुवारी १९६३ रोजी तरुणांनी रस्ता अडवून वेल्श भाषेच्या अधिकृत वापराची मागणी केली. पुढे १९६७ व १९९३ चे भाषाविषयक कायदे झाले, आणि २०११ च्या कायद्याने वेल्शला वेल्समध्ये अधिकृत दर्जा मिळाला. ज्या भाषेसाठी लोक पुलावर बसले, ती भाषा नवागताला अनावश्यक वाटू शकेल. गावाला ती तशी वाटत नाही.

लहान गावात या गोष्टीला विशेष महत्त्व का येते, याचे उत्तर लेस्ली मिलरॉय यांनी १९८० साली बेलफास्टच्या अभ्यासातून मांडलेल्या सामाजिक जाळ्याच्या कल्पनेत सापडते. जाळे दाट आणि बहुपदरी असते, म्हणजे एकच व्यक्ती सहकारी, शेजारी आणि मुलाच्या मित्राची आई अशा अनेक नात्यांनी जोडलेली असते, तेव्हा स्थानिक बोलीचे नियम दृढ राहतात. महानगरात कार्यालयातील माणसे कार्यालयातच भेटतात. भाषेची व्यवहारक्षेत्रे एकमेकांपासून अलग राखता येतात. लहान गावात रुग्णालयातील सहकारीच सायंकाळी समुद्रकाठी आणि सकाळी शाळेच्या दाराशी भेटतो. म्हणून एका क्षेत्रातील भाषानिवड इतर क्षेत्रांत आपोआप पोहोचते.

समजा, वेंगुर्ल्याच्या एका परिचारिकेला तेथील नोकरी चालून आली आहे. पती शिक्षक आहे, मुलगा पाच वर्षांचा आहे, आणि घरी आजी त्याच्याशी मालवणीत बोलते. समुद्र तिला परका नाही. डिसेंबरात आठ तासांहून कमी असणारा दिवस मात्र परका आहे. तिला इंग्रजी येते आणि नोकरीसाठी तेवढे लागते. तथापि स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्ध द्वैभाषिकांपैकी अनेकजण आपल्या पहिल्या भाषेकडे वळतात. अशा रुग्णाला वेल्शमधील दोन वाक्येही औषधाइतकीच उपयोगी पडतात. पतीचा प्रश्न अधिक कठीण आहे. परवान्यानुसार त्यास नोकरी करता येते. परंतु शाळा आणि परगणा-परिषद यांच्याकडील अनेक जागांसाठी वेल्शचे ज्ञान आवश्यक वा इष्ट मानले जाते.

ही भाषा प्रौढ मराठी मनुष्यास कितपत अवघड आहे? दोन्ही भाषा एकाच भारत-युरोपीय कुलातील आहेत. वेल्शमधील ‘दांत’ म्हणजे आपला दात, आणि ‘मीस’ म्हणजे मास, महिना. पण रचनेत मोठा भेद आहे. मराठीत विभक्तीपूर्वी शब्दाचा शेवट बदलतो, जसे ‘घोडा’, ‘घोड्याला’. वेल्शमध्ये शब्दाचे आद्य व्यंजन बदलते: ‘पोंत’ म्हणजे पूल, पण ‘तो पूल’ म्हणताना ‘अ बोंत’. त्यामुळे ऐकलेला शब्द कोशात कोठे शोधावा, हेच आरंभी उमगत नाही. हा अडथळा काही महिन्यांच्या नेटाने पार होण्याजोगा आहे. मात्र तो वेळ निर्णयाच्या वेळीच हिशेबात धरावयास हवा.

मुलाच्या बाबतीत प्रश्न उलट आहे. वेल्श माध्यमाची वेल्समधील पहिली प्राथमिक शाळा याच गावी १९३९ साली ७ मुलांनिशी सुरू झाली. आज परगण्यातील बहुतेक प्राथमिक शाळांत लहान वर्गांचे शिक्षण वेल्शमधून होते. मूल ती भाषा लवकर शिकेल. मैदानावर इंग्रजीही शिकेल. धोका आहे तो मालवणीला आणि मराठीला. लिली वाँग फिलमोर यांनी १९९१ साली अमेरिकेतील स्थलांतरित कुटुंबांची पाहणी करून असे दाखविले की, लहान वयात शाळेची भाषा घरात शिरली की घरची भाषा मागे पडते आणि आईबाप व मुले यांच्यातील संवादच क्षीण होतो. महानगरात महाराष्ट्र मंडळासारख्या संस्था थोडा आधार देतात. लहान गावी मराठीचे क्षेत्र म्हणजे एक घर, आणि त्या घरातील दोन माणसे. ती दोघे सोयीसाठी इंग्रजीकडे वळली की आजी आणि नातू यांच्यामध्ये भाषा उरत नाही.

यावर उपाय वेल्श समाजाच्या अनुभवातच आहे. वेल्श टिकली ती केवळ प्रेमाने नव्हे. घर, प्रार्थनागृह, शाळा अशी निश्चित क्षेत्रे तिला मिळाली म्हणून टिकली. जोशुआ फिशमन यांनी १९९१ साली भाषारक्षणाचा पाया म्हणून घरातील पिढीजात संक्रमणावर जो भर दिला, तो येथेही लागू पडतो. रोज ठराविक वेळी आजीशी होणारे बोलणे हे असे एक क्षेत्र ठरू शकते. मात्र ते न चुकता व्हावयास हवे.

आणखी एक गोष्ट लहान गावाच्या आकारातूनच उद्भवते. ब्रिटनमधील कुशल कामगाराचा परवाना विशिष्ट नोकरीदात्याशी जोडलेला असतो. नोकरी सुटली तर नवा नोकरीदाता शोधण्यास साधारणतः ६० दिवस मिळतात. महानगरात नोकरी बदलूनही घर आणि शाळा कायम राहू शकते. लहान गावात दुसरा नोकरीदाता मिळणे दुरापास्त. तेथे नोकरी जाणे म्हणजे बहुधा गाव सोडणे. तसे झाल्यास मुलाने मिळविलेल्या वेल्शला इंग्लंडमधील शाळेत स्थान राहणार नाही. उलटपक्षी, कुटुंब स्थिरावले तर वेल्शचे मोल कायद्यातही आहे: ब्रिटिश नागरिकत्वासाठी लागणारे भाषाज्ञान इंग्रजी, वेल्श अथवा स्कॉटिश गेलिक यांपैकी कोणत्याही भाषेचे चालते.

यास्तव निर्णयापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. नोकरी करणाऱ्या व्यक्तीखेरीज घरातील इतरांना त्या गावात कोणत्या भाषेने काम मिळेल? मुलाची शाळा कोणत्या भाषेत चालेल आणि ती किती वर्षे लाभण्याचा संभव आहे? घरची भाषा कोण, कोणाशी, कोणत्या वेळी बोलणार? पहिल्या दोहोंची उत्तरे परगण्याच्या शिक्षणखात्याकडे व नोकरीच्या जाहिरातींत मिळतात. तिसऱ्याचे उत्तर कुटुंबाने स्वतःच द्यावयाचे असते, आणि ते देताना वेंगुर्ल्यास मागे राहणाऱ्या आजीलाही विचारणे अगत्याचे आहे.