साडेचार एकर, चार कोटींची बाटली

बर्गंडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मी माझ्या मैत्रिणींना विचारलं, तर दोघींनी लिपस्टिकची शेड सांगितली आणि तिसरीने पार्लरमधला हेअर कलर. रंग बरोबर आहे, पण त्या रंगाला हे नाव ज्या वाइनवरून मिळालं, ती आपल्यापैकी फारच थोड्यांनी चाखली असेल. कारण उघड आहे. तिची किंमत!

किती असावी? १३ ऑक्टोबर २०१८ ला न्यूयॉर्कमध्ये 'सदबीज'च्या लिलावात 'रोमाने-कोंती' नावाच्या बर्गंडी वाइनची १९४५ सालची एक बाटली ५ लाख ५८ हजार डॉलर्सना गेली. तेव्हाच्या भावाने ४ कोटी रुपयांच्या वर. हा त्या वेळचा जागतिक विक्रम होता. एका बाटलीत सहा ग्लास भरतात असं धरा. म्हणजे ग्लासागणिक ६५ लाखांच्या पुढे. होम लोनच्या हप्त्यांत मान अडकलेल्या आपल्या पिढीने हा हिशोब बसूनच वाचावा.

मला स्वतःला ४ कोटींची बाटली विकत घेणाऱ्या माणसाबद्दल फारसं कुतूहल नाही. श्रीमंतांची हौस, दुसरं काय! मला प्रश्न पडला तो वेगळाच. द्राक्षं तर जगभर पिकतात. मग फ्रान्सच्या त्या एका कोपऱ्यातल्या द्राक्षांना हा भाव का? आणि ज्यांच्या शेतात ती पिकतात त्यांचं काय?

बांध ओलांडला की भाव बदलतो

बर्गंडीचा सगळ्यात नामांकित भाग म्हणजे 'कोत दोर'. दिजों शहराच्या दक्षिणेला साधारण ५० किलोमीटर पसरलेली टेकड्यांच्या उताराची पट्टी. लांबी बरी वाटते, पण रुंदी अगदी बेताची. बऱ्याच ठिकाणी चालत अर्ध्या तासात पार होईल एवढीच.

या उताराचा फंडा सोपा आहे. अगदी माथ्यावर माती पातळ आणि हवा गार, त्यामुळे द्राक्षं नीट पिकत नाहीत. पायथ्याशी माती जड, पाणी साचतं, तिथली वाइन साधारण. मधला टप्पा मात्र एकदम सही! चुनखडीची माती, पाण्याचा निचरा उत्तम, पूर्वेकडे तोंड असल्यामुळे सकाळचं कोवळं ऊन थेट अंगावर. 'ग्राँ क्रू' म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या बागा बहुतेक याच मधल्या पट्ट्यात आहेत.

बागांची उतरंडही ठरलेली आहे. सगळ्यात खाली नुसती 'बुर्गोन्य', म्हणजे प्रदेशाच्या नावाची वाइन. तिच्या वर गावाच्या नावाची. त्याच्या वर 'प्रमिए क्रू' आणि शिखरावर 'ग्राँ क्रू'. सगळ्या बर्गंडीत ग्राँ क्रू आहेत फक्त ३३.

आणि हे सगळं जवळजवळ एकाच लाल द्राक्षाच्या जिवावर, पिनो न्वार (पांढऱ्या वाइनसाठी शार्डोने). पिनो न्वार म्हणजे घरातलं नाजूक लेकरू. साल पातळ, ऊन जास्त झालं तरी कुरकुर, पाऊस झाला तरी कुरकुर. पण जमून आलं की त्यात मातीचा फरक जसा उतरतो तसा दुसऱ्या द्राक्षात क्वचितच उतरतो, असं जाणकार सांगतात. म्हणूनच इथे प्रत्येक तुकड्याला स्वतःचं नाव आहे. या तुकड्यांना 'क्लिमा' म्हणतात. असे १२४७ क्लिमा २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतले. आपल्याकडे नाही का, 'विहिरीचं रान', 'माळाचं रान' अशी शेतांना नावं असतात? तसंच. फक्त इथे ती नावं बाटलीवर छापली जातात आणि बांध ओलांडला की भाव दसपट होऊ शकतो.

रोमाने-कोंती हा असाच एक तुकडा. क्षेत्रफळ १.८१ हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेचार एकर! व्होन-रोमाने गावाजवळ, कडेला एक दगडी क्रूस. १७६० मध्ये कोंतीच्या राजपुत्राने तो विकत घेतला, म्हणून हे नाव. इथे मशागतीला आजही घोडा वापरतात, कारण ट्रॅक्टरच्या वजनाने माती दबते. वर्षाला निघतात पाच-सहा हजार बाटल्या, आणि गिऱ्हाईक अख्खं जग. १९४५ मध्ये तर फक्त ६०० निघाल्या. त्यानंतर जुने वेल उपटून नवे लावले, आणि १९५२ पर्यंत या बागेची वाइनच आली नाही. ४ कोटींचं गणित आता थोडं तरी सुटतं ना?

आधी साधू, मग वाटण्या

हे तुकडे पाडले कोणी? सुरुवात केली ख्रिस्ती मठातल्या साधूंनी. सिस्टर्सियन पंथाचा मठ इथल्या 'सितो'मध्ये १०९८ साली स्थापन झाला. त्या साधूंनी पिढ्यान्‌पिढ्या बागा कसल्या, कुठल्या उतारावर काय पिकतं याची पारख केली आणि 'क्लो द वूजो' ही प्रचंड बाग दगडी भिंतीने वेढली. राज्यकर्त्यांचंही बारीक लक्ष होतं. १३९५ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकने 'गामे' जातीचे वेल उपटून टाकायचा हुकूम काढला, कारण ते पिकायचे भरपूर पण वाइन हलकी द्यायचे.

मग आली फ्रेंच राज्यक्रांती. चर्चच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या. पाठोपाठ १८०४ चा नेपोलियनचा कायदा आला, ज्यात मुलांना वारसाहक्क समान! न्याय्य गोष्ट, पण जमिनीच्या वाटण्या सुरू झाल्या. पुढे काय झालं हे सातबाऱ्यावर दहा-बारा नावं पाहिलेल्या मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. क्लो द वूजोचंच बघा. सुमारे ५० हेक्टरची ही बाग एके काळी एका मठाची होती. आज तिचे जवळपास ८० मालक आहेत. काहींच्या वाट्याला वेलांच्या मोजक्या रांगा. प्रत्येकाची वाइन वेगळी, लेबल वेगळं, पण बागेचं नाव तेच. म्हणून बर्गंडी घेताना बागेच्या नावाइतकंच वाइन बनवणाऱ्याचं नाव महत्त्वाचं.

किचनमध्ये बनलेली विंटेज

जिथे एवढा पैसा, तिथे भामटे आलेच. रुडी कुर्नियावान हा मूळचा इंडोनेशियाचा तरुण. दोन हजारच्या दशकात लॉस एंजेलिसच्या श्रीमंत वर्तुळात त्याने जुन्या बर्गंडीचा मोठा जाणकार म्हणून नाव कमावलं. एप्रिल २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात त्याच्याकडच्या बाटल्या आल्या. त्यात पोन्सो घराण्याची 'क्लो सँ-दनी' होती, साल १९४५ पासून १९७१ पर्यंतचं. कॅटलॉग छान, फोटो छान. अडचण एकच होती. पोन्सो घराण्याने ही वाइन करायला सुरुवातच केली १९८२ मध्ये!

लोराँ पोन्सो स्वतः विमानाने न्यूयॉर्कला गेले आणि त्या बाटल्या लिलावातून मागे घ्यायला लावल्या. मग ते या प्रकरणाच्या मागेच लागले. मार्च २०१२ मध्ये एफबीआयने कुर्नियावानला अटक केली, तेव्हा त्याच्या घरात लेबलं, बुचं, रबरी शिक्के असा अख्खा कारखाना सापडला. २०१४ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली आणि २०२१ मध्ये त्याची इंडोनेशियाला पाठवणी झाली.

मला यातली गंमत अशी वाटते की लाखो डॉलर्स मोजणाऱ्यांना चव घेऊन खोटं कळलं नाही. चूक कोणाच्या लक्षात आली? ज्याच्या घरात वडिलांनी कुठल्या वर्षी काय केलं हे ठाऊक होतं, त्या शेतकऱ्याच्या.

भामट्यांची मजल बागेपर्यंतही गेली. जानेवारी २०१० मध्ये रोमाने-कोंतीच्या मालकांना धमकी आली. १० लाख युरो द्या, नाहीतर वेलांना विष घालू. दोन वेलांना तर आधीच भोक पाडून विष घातलेलं होतं. पोलिसांनी जवळच्या गावातल्या स्मशानभूमीत खोट्या नोटांची बॅग ठेवून सापळा रचला आणि आरोपीला पकडलं.

आता खरा प्रश्न

वाइनचे भाव वाढले म्हणजे शेतकरी मालामाल, असं आपल्याला वाटतं. मलाही आधी बर्गंडीचे शेतकरी भाग्यवान वाटले होते. पण आकडे बघितले की चित्र गुंतागुंतीचं होतं. गेल्या काही वर्षांत कोत दोरमधल्या ग्राँ क्रू जमिनीचा सरासरी भाव हेक्टरला ६० लाख युरोंच्या वर गेलाय. समजा एखाद्या कुटुंबाकडे अर्धा हेक्टर आहे. कागदावर ती ३० लाख युरोंची मालमत्ता! वडील गेले, मुलं तीन. एकटाच शेतात राबतो, बाकीचे दोघे पॅरिसमध्ये नोकरी करतात आणि आपला वाटा मागतात. फ्रान्समध्ये मुलांनाही वारसा कर लागतो, आणि त्याचा सगळ्यात वरचा दर ४५ टक्के आहे. शेतीसाठी सवलती आहेत, तरी कर भरून भावंडांचे वाटे विकत घ्यायचे, तर द्राक्षं विकून किती वर्षं लागतील?

मग विकत घ्यायला कोण येतं? २०१४ मध्ये 'क्लो दे लांब्रे' ही बाग 'लुई व्हिताँ'वाल्या एलव्हीएमएच समूहाने घेतली. २०१७ मध्ये साडेसात हेक्टरची 'क्लो द तार' गेली पिनो कुटुंबाकडे, ज्यांच्या हातात 'गुची' आहे. त्याच वर्षी 'बोनो द्यू मार्त्रे' हे जुनं घराणं आर्सेनल फुटबॉल क्लबच्या अमेरिकन मालकांच्या ताब्यात आलं. त्याआधी २०१२ मध्ये जव्रे-शांबर्तां गावातला जुना वाडा मकावच्या एका उद्योजकाने घेतला, तेव्हा गावकऱ्यांनी केवढा गहजब केला होता.

हे नवे मालक वाइन वाईट करतात असं नाही. पैसा येतो, तळघरं सुधारतात. पण असे सौदे झाले की शेजारच्या बांधावरच्या जमिनीचाही भाव चढतो, आणि पुढच्या वारसाचं ओझंही वाढतं. ज्या घराण्यांनी ही माती नावारूपाला आणली, त्यांच्याच नातवंडांना ती परवडेनाशी होते. मुंबईत गिरणगावात वाढलेल्या मुलाला तिथल्या टॉवरमध्ये घर परवडत नाही, तसंच काहीसं.

त्यात हवामानाचा घोळ. बोन शहरात १३५४ सालापासून द्राक्षतोडणीच्या तारखांच्या नोंदी सापडतात. संशोधकांनी २०१९ मध्ये त्या सगळ्या मांडल्या, तेव्हा दिसलं की १९८७ पर्यंत तोडणी सरासरी २८ सप्टेंबरला सुरू व्हायची. १९८८ पासून ती सरासरी १३ दिवस आधी आलीये. उष्णतेमुळे वेलांना कोंबही लवकर फुटतात, आणि मग एप्रिलच्या थंडीत सापडतात. एप्रिल २०२१ मध्ये शेतकऱ्यांनी रात्र रात्र जागून बागांमध्ये मेणबत्त्या पेटवल्या होत्या. फोटो फार सुंदर दिसले, पण बरंच पीक गेलंच.

आपल्या खिशाचं काय?

एका टेस्टिंगला मी साधी 'बुर्गोन्य रूज' पहिल्यांदा चाखली. रंग फिका, म्हटलं, हीच का ती? पण वास घेतला आणि थांबले. चेरी, ओली माती, पावसानंतरचं रान. ग्राँ क्रू नव्हती, तरी तो वास अजून आठवतो. आपल्याकडे आयात शुल्क अनेक वर्षं दीडशे टक्के होतं, त्यामुळे बाटली कधीच स्वस्तात पडली नाही. पण चार जणांनी काँट्रिब्यूशन काढलं तर एका वीकएंडच्या मल्टिप्लेक्स आणि डिनरएवढ्या खर्चात जमू शकतं. काही टिप्स:

• लेबलवर 'बुर्गोन्य' असेल तर प्रदेशाची वाइन. सुरुवातीला हीच घ्या.

• गावाचं नाव लांबलचक दिसलं म्हणजे वाइन ग्राँ क्रू असतेच असं नाही! जव्रे गावाने १८४७ मध्ये आपल्या प्रसिद्ध 'शांबर्तां' बागेचं नाव स्वतःला जोडून घेतलं. नुसतं 'शांबर्तां' म्हणजे ग्राँ क्रू, 'जव्रे-शांबर्तां' म्हणजे गावाची वाइन. भावात जमीन-अस्मानाचा फरक.

• बजेट कमी असेल तर मार्साने, मेर्क्युरे, जिव्री ही कमी गाजलेली गावं शोधा.

• 'शाब्ली' माहीत आहे ना? तीही बर्गंडीच, पांढरी. आपल्या सुरमईबरोबर छान जमते.

• 'मोंराशे' म्हणताना दोन्ही 'ट' गिळायचे. बॉससमोर इम्प्रेशन पडेल.

• जुनी, दुर्मिळ बाटली कोणी 'डील'मध्ये देत असेल तर कुर्नियावान आठवा आणि निघा.

आणि हो, रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. आपल्या मे महिन्यातल्या फ्लॅटसाठी नाही. पिनो न्वार १४ ते १६ अंशांना बरी लागते, तेव्हा उघडण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. आणि पहिला घोट घेण्याआधी लेबलवर बागेच्या मालकाचं नाव तेवढं वाचा.