सदतीसपासून ६१७४ पर्यंत

अँटॉप हिलच्या केंद्र सरकारी वसाहतीत पत्र पाठवायचं तर सेक्टर, इमारत आणि घर क्रमांकाखाली ४०० ०३७ लिहावं लागतं. ही सहा आकडी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यात वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृतात काव्यं-नाटकं लिहीत. देशात एकाच नावाची कितीतरी गावं, पत्ते निरनिराळ्या भाषांत लिहिलेले. सॉर्टिंग करणाऱ्यांची त्यात तारांबळ उडे. वेलणकरांच्या मांडणीत पहिला ४ पश्चिम विभागाचा, ४०० मुंबईचे आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालयाचे.

या आकड्याने कशाचीही मोजदाद होत नाही. त्यातून दादरचे ४०० ०१४ वजा केले तर २३ उरतात; पण ती २३ ना घरं, ना किलोमीटर. आकडा इथे निव्वळ नाव म्हणून येतो. तरीही त्यातले अंक हाती घेऊन त्यांची उलटापालट करता येते, आणि अशा उलटापालटीतूनच एका मराठी शाळामास्तरांनी जगभर पोचलेलं गणित उभं केलं.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना, १९२७ मध्ये, त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. १९२९ ला पदवी घेतली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिकवलं. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. रेल्वे प्रवासात डोंबिवलीला सुचलेल्या संख्यांना त्यांनी स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१, ही त्यांतली काही उदाहरणं.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध ६१७४ चा. चार अंक घ्यायचे, चारही सारखे नकोत. उतरत्या क्रमाने मांडून मोठी संख्या करायची, चढत्या क्रमाने लहान, आणि वजाबाकी करायची. येईल त्या उत्तरावर पुन्हा तेच. अँटॉप हिलच्या पिनमधले शेवटचे चार अंक, ००३७, घेऊन पाहू:

७३०० − ००३७ = ७२६३
७६३२ − २३६७ = ५२६५
६५५२ − २५५६ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

पुढे कितीही वेळा वजाबाकी करा, ६१७४ च येतात. कुठूनही सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचतो.

दहा-वीस संख्या करून पाहिल्या की खात्री वाटू लागते. पण खात्री वाटणं आणि सिद्ध होणं यांत अंतर आहे. ०००० पासून ९९९९ पर्यंत दहा हजार संख्या; सारख्या अंकांच्या दहा वगळल्या तर ९,९९० उरतात. एकेक तपासत बसायचं का? इथे मोजणीच वाट काढून देते. ७३०० मधला ७ हजाराच्या घरात आहे, उलट मांडणीत तो एकं स्थानी जातो. म्हणून टोकांच्या दोन अंकांतला फरक ९९९ ने गुणला जातो आणि मधल्या दोघांतला ९० ने. ७३०० साठी ७ × ९९९ आणि ३ × ९०, बेरीज ७२६३. म्हणजे मूळ अंक कोणते याला महत्त्व नाही, हे दोन फरक तेवढे पुरेत. टोकांचा फरक १ ते ९ आणि मधला त्याहून मोठा असू शकत नाही. अशा जोड्या २ + ३ + … + १०, म्हणजे अवघ्या ५४. ९,९९० चं काम ५४ वर आलं, आणि तेवढं एका दुपारी वहीत उरकतं.

या शोधावरचा कापरेकरांचा लेख १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त छापून आला. अंकांचे असले खेळ अनेक गणितींना पोरकट वाटत; ६१७४ ची जादू दशमान पद्धतीपुरतीच, हा आक्षेप खोटाही नव्हता. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव सर्वदूर झालं.

खरी गंमत अंकांची संख्या बदलली की सुरू होते. तीन अंक घेतले तर मुक्काम ४९५. तिथे फक्त ९९ च्या नऊ पटी तपासाव्या लागतात, पाचवीच्या मुलालाही जमेल एवढंच काम. दोन अंकांत मुक्कामच नाही: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९, असं चक्र फिरत राहतं. पाच अंकांत तीन वेगवेगळी चक्रं आहेत. त्यांतल्या दोहोंत चार-चार संख्या, तर तिसऱ्यात दोनच: ५३९५५ आणि ५९९९४, एकीतून दुसरी निघते.