ब्रेकची डिस्क हबला चिकटलीय? हातोडा उचलण्याआधी हे वाचा

नाशिक : मुंबईला जाताना कसारा घाटात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते. डिस्क बदलायला हवी म्हणून घरीच चाक उघडले जाते. कॅलिपर सुटतो; पण डिस्क जागची हलत नाही. अशा वेळी ताकदीपेक्षा कामाचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

डिस्क का चिकटते?
डिस्क ओतीव लोखंडाची असते. ती आणि हब यांच्या फटीत पावसाचे पाणी शिरते आणि गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे डिस्क हबवर घट्ट बसते. इगतपुरी, त्र्यंबकेश्वरच्या पावसात सतत फिरणाऱ्या गाड्यांनी हे लक्षात ठेवावे.

कशी काढायची?
• गाडी सपाट जागेवर घ्या. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे लावा. गाडी जॅकस्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करू नका.
• मागची डिस्क असेल तर हँडब्रेक सोडा.
• कॅलिपर तारेने वर बांधा. ब्रेकच्या नळीवर लटकू देऊ नका. त्याचा ब्रॅकेटही काढा.
• डिस्कवर छोटा स्क्रू असेल तर तो आधी काढा.
• हबच्या कडेला आणि नटांच्या स्टडभोवती गंज सोडवणारे तेल मारा, १५-२० मिनिटे थांबा.
• अनेक डिस्कवर आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यात बसणारे बोल्ट, बहुधा ८ मिमीचे, आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळा. डिस्क समान दाबाने बाहेर येते.
• भोके नसतील तर चष्मा घालून, डिस्क फिरवत, स्टडच्या मधल्या भागावर ठोका. पॅड घासतो त्या पृष्ठभागावर घाव नको.
• गॅसच्या ज्योतीने तापवू नका. बेअरिंगचे ग्रीस आणि सील खराब होतात.

खरी चूक इथे होते
डिस्क निघाली की लगेच नवी बसवली जाते. हबवर राहिलेला गंजाचा पापुद्रा डिस्क किंचित तिरकी बसवतो आणि थरथर परत सुरू होते. म्हणून हब तारेच्या ब्रशने चकचकीत करा. नव्या डिस्कवरचे तेल ब्रेक क्लीनरने पुसा. डिस्क एकाच ॲक्सलवर जोडीने बदला.

चाक लावल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. पहिली चाचणी मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात घ्या, घाटात नव्हे.

बेअरिंग डिस्कमध्येच असेल, स्क्रूचे डोके गुळगुळीत झाले असेल किंवा ब्रेक ऑइल गळत असेल, तर काम मेकॅनिककडे सोपवा.