दुसऱ्या मताचा संकोच कशासाठी?

व्यापारी घराण्यात दलाल, वकील आणि डॉक्टर सहसा बदलत नाहीत. ही निष्ठा भूषणावहच आहे; परंतु तिच्यापोटी माझ्या धाकट्या भावाने वर्षभर नाहक त्रास सोसला, म्हणून हे लिहीत आहे.

इतवारीत त्याचे मिरची-मसाल्याचे दुकान. उजवा गाल जड होणे, डोके ठणकणे, एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येणे, अशी तक्रार होती. सायनसची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली. दोन महिने बरे गेले आणि सारे पूर्ववत झाले. डॉक्टर घरोब्याचे. ‘दुसरीकडे गेलो तर त्यांना काय वाटेल?’ एवढ्या एका विचाराने तो थांबला.

ही शस्त्रक्रिया ऑस्ट्रियातील ग्राझ येथील मेसरक्लिंगर यांच्या संशोधनावर उभी आहे. चेहऱ्याच्या हाडांतील पोकळ्यांमधला स्राव ठराविक नैसर्गिक मुखांकडेच वाहतो, हे त्यांनी दाखवले. ती मुखे मोकळी करणे हा शस्त्रक्रियेचा गाभा. नैसर्गिक मुख बंदच राहिले, नाकातील कोंब पुन्हा वाढले, ॲलर्जी किंवा बुरशी कायम राहिली, तर त्रास परततो. म्हणून प्रत्येक अपयशाचे उत्तर दुसरी शस्त्रक्रिया नसते. आधी कारण शोधावे लागते.

अखेर मी त्याला धंतोलीतील एका तज्ज्ञांकडे नेले. त्यांनी प्रथम कागद मागितले: डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद, बायोप्सीचा अहवाल आणि आधीच्या सीटी स्कॅनची सीडी. दुर्बिणीने तपासून नवा स्कॅन करवला. वरच्या उजव्या दाढेच्या मुळाशी पू होता. या दाढांची मुळे गालाच्या सायनसच्या तळाला अगदी लागून असतात. तेथील जंतुसंसर्ग वर चढतो. दंतवैद्याने दाढेवर उपचार केले, औषधे झाली आणि स्राव थांबला. दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळच आली नाही.

कागद मागताना ओशाळू नये. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यास डॉक्टरांनी 72 तासांत नोंदी द्यावयाच्या असतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क नमूद आहे. खर्चाची अडचण असल्यास मेडिकल, मेयो व मिहानमधील एम्स येथेही कान-नाक-घसा विभाग आहेत. मात्र पहिले निदान नव्या डॉक्टरांपासून लपवू नये आणि सुरू असलेली औषधे मनाने बंद करू नयेत.

काही लक्षणांत दुसऱ्या मताची वाट पाहू नये. डोळ्याभोवती सूज, अंधुक दिसणे, तीव्र डोकेदुखीसह ताप, मान ताठरणे, किंवा वाकताच एका नाकपुडीतून पाण्यासारखे थेंब गळणे, असे काही झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. मधुमेहींनी तर अधिकच दक्ष राहावे. 2021 मधील काळ्या बुरशीचा कहर नागपूरकर विसरलेले नाहीत.

बँकेत मोठ्या रकमेच्या व्यवहारावर दुसऱ्या अधिकाऱ्याची सही लागत असे. पहिल्याला त्यात कधी अपमान वाटला नाही. उलट त्याचा भार हलका होई. भाऊ बरा झाल्यावर आम्ही दोघे आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो आणि सर्व सांगितले. त्यांनी नवा स्कॅन बराच वेळ न्याहाळला व म्हणाले, “दाढ मी पाहायला हवी होती. तुम्ही लवकर का नाही गेलात?”

आमच्याकडे उत्तर नव्हते.