न लाभलेल्या दिवसांची यात्रा

मानसपूजा वाचकांस परिचित आहे. मानसयात्रा आम्हांस नवीन होती. २०२२ सालीं इंग्लंडांत आमच्या भाचीचें बाळ २८व्या आठवड्यांतच जन्मलें व ११व्या दिवशीं गेलें. तीन वर्षांच्या आंतील बालकास उदकदान नाहीं, असें मनुस्मृति सांगते. आम्हीं तिला तेंच लिहून कळविलें.

तिनें उत्तर दिलें नाहीं. ती चालूं लागली. लँड्स एंड ते जॉन ओ’ग्रोट्स हा ब्रिटनच्या दोन टोकांमधील मार्ग सुमारें १,४०० किलोमीटरांचा. चालावयाचें घराभोंवतीं, अंतर मांडावयाचें नकाशावर. रोज ५ किलोमीटर, म्हणजे २८० दिवस. हाच हिशेब कां, असें विचारतां ती म्हणाली, “मामा, पूर्ण गर्भकाल ४० आठवड्यांचा. बाळाला ते पुरे लाभले नाहींत. मी ते चालून पुरे करीत आहें.”

स्मृतींत नसलेला हा विधि आम्हांस मान्य आहे. शेवटच्या दिवशीं येथें पुण्यास आम्हीही ५ किलोमीटर चाललों.